जिल्हा परिषदेचा दैनंदिन कारभार आणि त्याची भाषा : बुलढाणा जिल्ह्याच्या अनुषंगाने एक विवेचन

स्थानिक स्वराज्य संस्थांचा अभ्यास सामान्यतः राज्यशास्त्राच्या कक्षेत मोडतो. अधिकारांची वाटणी कशी झाली, निधी कोठून आला, निवडणुकीत कोणाची सरशी झाली, हे त्या अभ्यासाचे नेहमीचे प्रश्न होत. परंतु जिल्हा परिषदेचा रोजचा कारभार म्हणजे मुख्यतः भाषेचाच व्यवहार असतो, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. गावात बोलले गेलेले गाऱ्हाणे अर्जात उतरते, अर्जाची नस्ती होते, नस्तीवर टिप्पणी लिहिली जाते, टिप्पणीवरून मान्यता मिळते आणि मान्यतेतून आदेश निघतो. या प्रत्येक पायरीवर मूळ विधानाचे रूप पालटत जाते. ते कसे पालटते आणि पालटताना त्यातून काय गळून पडते, याचा विचार बुलढाणा जिल्ह्याच्या उदाहरणाने करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. जिल्हा आणि संस्था

बुलढाणा हा वऱ्हाडच्या पश्चिम टोकाचा जिल्हा होय. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली केला. १९०३ मध्ये तो मध्यप्रांताच्या कारभारास जोडला गेला. १९०५ च्या पुनर्रचनेत खामगाव व जळगाव हे तालुके अकोल्याकडून बुलढाण्याकडे आले. पुढे १९५६ मध्ये जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला. म्हणजे सुमारे शंभर वर्षांत या एकाच मुलखाने कारभाराच्या चार-पाच चौकटी पाहिल्या, आणि प्रत्येक चौकटीने आपले काही शब्द येथे मागे ठेवले.

भूगोलाच्या दृष्टीने जिल्ह्याचे दोन भाग पडतात. अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा व देऊळगाव राजा हा प्रदेश 'घाटावरचा' म्हणून ओळखला जातो. तर पूर्णेच्या खोऱ्यातील मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद व संग्रामपूर हा 'घाटाखालचा'. असे एकंदर तेरा तालुके आणि तितक्याच पंचायत समित्या आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २५,८६,२५८ इतकी असून तिचा जवळजवळ चार-पंचमांश भाग खेड्यांत राहतो. घाटाखालच्या बऱ्याच गावांचा प्रश्न खाऱ्या पाण्याचा आहे, घाटावरच्या गावांचा उन्हाळ्यातील टंचाईचा. एकाच परिषदेच्या सभागृहात हे दोन्ही प्रश्न शेजारी शेजारी येऊन बसतात.

बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये विकासगट हा विकेंद्रीकरणाचा मुख्य घटक मानला होता. महाराष्ट्रात वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मात्र १९६१ च्या आपल्या अहवालात जिल्ह्यास प्राधान्य दिले. त्यानुसार महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ संमत होऊन १ मे १९६२ पासून नव्या संस्था अस्तित्वात आल्या. जिल्हाधिकाऱ्यास या संस्थेबाहेर ठेवण्यात आले आणि तिच्या प्रशासनाची धुरा मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे सोपविण्यात आली. प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्रे, ग्रामीण रस्ते, पाणीपुरवठा, कृषी, पशुसंवर्धन, समाजकल्याण, महिला व बालकल्याण इत्यादी विषय परिषदेकडे आले. ठरविणारे अध्यक्ष, सभापती व विषय समित्या एकीकडे आणि अंमलबजावणी करणारे अधिकारी दुसरीकडे, अशी ही रचना आहे. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने या संस्थांस घटनात्मक आधार दिला आणि मुदतीत निवडणुका घेणे अनिवार्य केले.

२. शब्दांचे थर

'जिल्हा परिषद' या संज्ञेकडेच पाहावे. 'जिल्हा' हा शब्द मुळात अरबी असून त्याचा मूळ अर्थ बरगडी, बाजू असा आहे. 'परिषद' हा शुद्ध संस्कृत. निजामशाही आणि लोकशाही यांच्या शब्दसृष्टी एकाच नावात नांदत आहेत आणि बोलणाऱ्यास त्यांचा सांधा जाणवतही नाही. कारभाराच्या भाषेचे थर असेच एकमेकांवर बसलेले आहेत. अर्ज, दाखला, शेरा, दप्तर, रुजू, तहकूब, मंजूर, बडतर्फ हा अरबी-फारशीचा थर. सभापती, इतिवृत्त, अंदाजपत्रक, अनुपालन, प्रशासकीय मान्यता हा संस्कृतोद्भव पारिभाषिक थर. आणि फाइल, टेंडर, बिल, एस्टिमेट हा इंग्रजीचा. 'ठराव' हा 'ठरणे' या धातूपासून सिद्ध झालेला शब्द मात्र अस्सल मराठी वळणाचा असून तो चारही युगांत टिकला, हे विशेष म्हणावे लागेल.

संस्कृत थराचा इतिहास जुना आहे. शिवाजीमहाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथपंडिताने सिद्ध केलेल्या राज्यव्यवहारकोशात फारशी संज्ञांस संस्कृत पर्याय दिलेले आहेत. स्वातंत्र्योत्तर काळात मध्यप्रदेश शासनाने डॉ. रघुवीर यांच्याकडून प्रशासकीय परिभाषा तयार करून घेतली. त्या वेळी बुलढाणा जिल्हा त्याच राज्यात होता. महाराष्ट्रात १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले, पदनाम कोश निघाला, आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठीस राज्याच्या राजभाषेचे स्थान दिले. नव्या शब्दांची त्या काळी बरीच थट्टा झाली. तथापि त्यांपैकी कितीतरी शब्द आज अगदी अंगवळणी पडलेले आहेत. गटविकास अधिकारी, शिक्षणाधिकारी हे शब्द कोणासही बोजड वाटत नाहीत. बोजडपणा शब्दाच्या कुळात नसून त्याच्या अपरिचयात असतो, याचे हे प्रमाण होय.

तरीही सर्व पर्याय रुळले असे नाही. कार्यालयाच्या कागदावर 'निविदा', 'देयक', 'नस्ती' असते. त्याच कार्यालयाच्या व्हरांड्यात मात्र 'टेंडर', 'बिल', 'फाइल' असते. या जोड्यांतील दोन्ही शब्द जिवंत आहेत. फरक आहे तो लिहिण्याचा व बोलण्याचा. पदनामांचेही असेच आहे. 'तलाठी' हे नाव सर्वत्र चालू झाले तरी वऱ्हाडातील वृद्ध शेतकऱ्याच्या तोंडी 'पटवारी' हाच शब्द राहिला. २०२४ मध्ये शासनाने ग्रामसेवक व ग्रामविकास अधिकारी ही पदे एकत्र करून 'ग्रामपंचायत अधिकारी' असे नवे पदनाम योजिले. शासनाच्या निर्णयाने पदनाम एका दिवसात बदलते, पण लोकांच्या जिभेवरून जुने नाव उतरण्यास एखादी पिढी लागते.

क्रमांकांचे शब्द होणे हाही या भाषेचा एक विशेष आहे. 'सातबारा' हा मूळचा नमुन्यांचा क्रमांक आता स्वतंत्र नाम बनला आहे. परंतु याच प्रकारातून गोंधळही उद्भवतो. महसूल खात्याचा 'गाव नमुना आठ-अ' हा शेतजमिनीच्या खात्याचा उतारा आहे. ग्रामपंचायतीचा 'नमुना आठ' ही घरांच्या कर आकारणीची नोंदवही आहे. एक कागद एका दप्तरात मिळतो, दुसरा दुसऱ्या. घरकुलासाठी 'आठचा उतारा' आणावयास सांगितलेला मनुष्य चुकीच्या दारात जाऊन उभा राहतो आणि त्याचा दिवस व मजुरी दोन्ही बुडतात. परिभाषेची संदिग्धता ही केवळ कोशकारांची चिंता नव्हे, हे यावरून ध्यानात यावे.

३. गाऱ्हाण्याचा प्रवास

आता एक नमुन्याचे उदाहरण घेऊ. घाटाखालच्या एखाद्या गावी प्राथमिक शाळेचे छत गळत आहे. ग्रामसभेत एखादी स्त्री उठून म्हणते, "शायेचं छत गयून राह्यलं, पोरं बाहीर बसून राह्यले, सायेब कवा पाहाले येतीन?" या वाक्यात वऱ्हाडीची तीन लक्षणे स्पष्ट आहेत. 'ळ' च्या जागी 'य' आला आहे. 'पाहायला' ऐवजी 'पाहाले' असा 'ले' प्रत्यय आहे. आणि 'गयून राह्यलं' हे चालू क्रियेचे खास वऱ्हाडी रूप आहे. शेवटचे लक्षण विशेष महत्त्वाचे. 'गळते' असे न म्हणता 'गळून राहिले' म्हणण्यात, क्रिया या घटकेस चालू आहे व थांबलेली नाही, हे निःसंदिग्धपणे सांगितले जाते. शिवाय प्रश्नात कर्ता आहे, 'सायेब'. आणि काळ आहे, 'कवा'.

हेच गाऱ्हाणे अर्जात उतरले म्हणजे त्याचे रूप साधारणपणे असे होते : 'विषय : वर्गखोली दुरुस्ती करणेबाबत. उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, येथील प्राथमिक शाळेच्या वर्गखोलीचे छत नादुरुस्त झालेले असून विद्यार्थ्यांची गैरसोय होत आहे. तरी याबाबत योग्य ती कार्यवाही होणेस विनंती आहे.'

व्याकरणदृष्ट्या या मजकुरातील दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली म्हणजे 'करणेबाबत', 'होणेस' ही रूपे. प्रमाण मराठीत 'करण्याबाबत', 'होण्यास' असे सामान्यरूप अपेक्षित असते. दप्तरी भाषेने मात्र 'णे' कारान्त रूप तसेच ठेवून त्यास प्रत्यय वा शब्दयोगी अव्यय जोडण्याचा जुना प्रघात जतन केला आहे. हा दोष मानण्याचे कारण नाही; प्रत्येक व्यवसायाच्या भाषेत असे जुने अवशेष सापडतात.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. मूळ वाक्यातील कर्ता व काळ हे दोन्ही अर्जातून नाहीसे झाले आहेत. 'छत गळून राहिले' या चालू क्रियेचे 'नादुरुस्त झालेले असून' असे पूर्ण अवस्थेचे वर्णन झाले. पावसाचे पाणी वाक्यातून ओसरले. 'साहेब कधी येतील' या प्रश्नाची 'कार्यवाही होणेस विनंती' झाली. कार्यवाही कोणी करावयाची आणि केव्हापर्यंत, हे विचारणारे वाक्यच उरले नाही.

यापुढे कागद चालू लागतो. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव जोडून मुख्याध्यापक तो केंद्रप्रमुखाकडे देतात. तेथून गटशिक्षणाधिकारी, तेथून शिक्षणाधिकारी. बांधकामाच्या अंगाने शाखा अभियंता पाहणी करून अंदाजपत्रक तयार करतो. त्यास तांत्रिक मान्यता लागते, खर्चास प्रशासकीय मान्यता लागते, आणि निधी जिल्हा नियोजन समितीच्या आराखड्यातून यावयाचा असल्यास त्या यादीत शाळेचे नाव असावे लागते. मग कार्यारंभ आदेश, प्रत्यक्ष काम, मोजमाप पुस्तिकेतील नोंद आणि शेवटी देयक. यांपैकी एकही पायरी निरर्थक नाही. सार्वजनिक पैशाच्या विनियोगावर अंकुश ठेवण्यासाठीच त्या घातलेल्या आहेत. परंतु प्रत्येक पायरीवर जी टिप्पणी लिहिली जाते तिचे क्रियापद एकाच साच्याचे असते : 'सादर करण्यात येत आहे', 'विचाराधीन आहे', 'निदर्शनास आणून देण्यात आले आहे'. '-ण्यात येणे' या प्रयोगात कर्ता उच्चारण्याची गरजच पडत नाही.

४. अकर्तृक प्रयोगाची बाजू

या प्रयोगाची निंदा करणे सोपे आहे. पण न्याय करावयाचा तर त्याची उपयुक्तताही मान्य केली पाहिजे. निर्णय परिषदेचा असतो, व्यक्तीचा नसतो. अधिकारी बदलून जातो, कार्यालय राहते. 'मी मंजूर करतो' असे लिहिणारा राजा असतो; 'मंजूर करण्यात येत आहे' असे लिहिणारा विश्वस्त असतो. अर्जदार कोणत्या घराण्याचा व कोणाच्या ओळखीचा हे न पाहता सर्वांस एकाच शब्दांत उत्तर देणारी भाषा ही समतेचीही भाषा आहे. देशमुखी व पाटीलकीच्या मुलखात हा लाभ लहान नव्हे.

तेव्हा निर्णयाची भाषा व्यक्तिनिरपेक्ष असावी यास हरकत नाही. हरकत आहे ती कामाच्या वाटणीची भाषाही तशीच असण्यास. 'दुरुस्ती मंजूर करण्यात येत आहे' हे योग्य वाक्य होय. 'दुरुस्ती करण्यात यावी' हे अपुरे वाक्य होय, कारण त्यात कोणी व केव्हा या प्रश्नांना उत्तर नाही. दोन्ही वाक्यांचा साचा एक असल्यामुळे दुसऱ्याचा अपुरेपणा पहिल्याच्या प्रतिष्ठेआड लपून जातो.

कायदेमंडळासही ही उणीव जाणवलेली दिसते. शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध करणाऱ्या २००५ च्या राज्य अधिनियमाने कोणतीही नस्ती कर्मचाऱ्याकडे सामान्यतः सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ प्रलंबित राहू नये, असे ठरविले. त्याच वर्षीच्या माहितीच्या अधिकाराने तीस दिवसांची मुदत व जन माहिती अधिकारी निश्चित केला. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने प्रत्येक अधिसूचित सेवेसाठी पदनिर्देशित अधिकारी व कालमर्यादा जाहीर करण्याचे बंधन घातले. भाषिक दृष्टीने पाहता, टिप्पणीच्या वाक्यातून गळालेला कर्ता व काळ यांची पुनःस्थापना करण्याचाच हा कायद्याचा प्रयत्न होय.

५. सभागृह : दुभाष्याचे स्थान

परंतु कायद्यापूर्वीपासून हे काम करणारी एक व्यवस्था परिषदेच्या रचनेतच होती. ती म्हणजे सर्वसाधारण सभा. दोन सभांमध्ये तीन महिन्यांहून अधिक अंतर पडू नये, असा नियम आहे. सभेची विषयपत्रिका आगाऊ निघते. मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे हा आरंभीचा विषय असतो आणि त्यावरील अनुपालन अहवाल पुढे मांडला जातो. ठरावाचा साचा पाहिला तर त्याच्या शेवटी 'सर्वानुमते मंजूर करण्यात येत आहे' हे अकर्तृक वाक्य असतेच. पण त्याखाली 'सूचक' व 'अनुमोदक' यांची नावेही असतात. म्हणजे ठराव या लेखनप्रकाराने कर्ता गमावलेला नाही. त्यास फक्त वाक्याबाहेर एक मानाची जागा दिली आहे.

सदस्याचे भाषिक कार्य यावरून कळते. तो दुभाष्या आहे. गावात ऐकलेले 'गयून राह्यलं' तो सभागृहात जसेच्या तसे उच्चारू शकतो, कारण तेथे बोलीस मज्जाव नाही. आणि 'विचाराधीन आहे' या उत्तराचा अर्थ तो गावी परत जाऊन सांगू शकतो. अनुपालन अहवालावर 'त्या शाळेचे काय झाले?' असा प्रश्न त्याने विचारला, की तीन महिन्यांपूर्वी हरवलेला काळ पुन्हा कागदावर येतो. इतिवृत्तात उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम लिहावे लागते, आणि कर्ताही परत येतो.

ही व्यवस्था किती नाजूक आहे, याचा प्रत्यय नजीकच्या काळात आला. २०१७ मध्ये निवडून आलेल्या राज्यातील पंचवीस जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यांत बुलढाणाही होती. प्रभागरचना व आरक्षण यांच्या वादात निवडणुका वेळेवर झाल्या नाहीत, आणि प्रशासक म्हणून मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडेच सर्व अधिकार आले. त्यानंतर पाच वर्षांची एक संपूर्ण मुदत भरत येईल इतका दीर्घ काळ अनेक परिषदांचा कारभार याच रीतीने चालला. शाळा भरत होत्या, देयके निघत होती, आदेश सुटत होते. कारभार थांबला असे म्हणता येणार नाही. पण प्रस्ताव मांडणारा, मंजूर करणारा व अंमलात आणणारा एकच झाल्यावर सूचक व अनुमोदक या दोन ओळींना अर्थ उरला नाही. अनुपालन अहवाल मागणारा सदस्य नसल्यामुळे 'विचाराधीन' या शब्दास प्रतिप्रश्न राहिला नाही. सभागृह रिकामे होणे म्हणजे जिल्ह्याच्या कारभारातून बोलीभाषा बाहेर जाणे, असाच याचा अर्थ होतो.

६. बोलीपलीकडची भाषा

याच संदर्भात जिल्ह्याच्या उत्तर टोकाचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद तालुक्यात निहाली बोलणाऱ्यांची वस्ती आहे. या भाषेचे नाते मुंडा, द्राविड वा आर्य यांपैकी कोणत्याही कुळाशी निश्चितपणे जोडता आलेले नाही. काइपर यांनी १९६२ मध्ये, म्हणजे जिल्हा परिषदा स्थापन झाल्या त्याच वर्षी, तिचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. भाषाशास्त्रज्ञांस ती जगातील एकाकी भाषांपैकी एक म्हणून ठाऊक आहे. परिषदेच्या दप्तरात मात्र तिला स्थान नाही, कारण तिच्यात अर्ज लिहिला जात नाही. निहाली बोलणाऱ्या मातेचे गाऱ्हाणे आधी कोरकू वा वऱ्हाडीत, मग प्रमाण मराठीत आणि शेवटी दप्तरी मराठीत जाते. एका भाषांतरात कर्ता व काळ गळतात. तीन भाषांतरांत काय उरत असेल, याची कल्पना करता येईल. अंगणवाडीतील सेविका वा आशा कार्यकर्ती तीच भाषा बोलणारी असणे, ही तेथे सोय नसून कारभाराची पूर्वअट ठरते.

७. समारोप

वरील विवेचनाचा इत्यर्थ असा की, जिल्हा परिषदेच्या भाषेविषयीची चर्चा शब्दांच्या कुळापाशी अडकून पडता कामा नये. 'देयक' म्हणावे की 'बिल', या वादाचे महत्त्व मर्यादित आहे. शब्द सवयीने सुलभ होतात. वाक्यातून गेलेला कर्ता मात्र सवयीने परत येत नाही. भाषा सुधारावयाची तर परिभाषेबरोबरच वाक्यरचनेकडे पाहिले पाहिजे. अर्जाच्या छापील नमुन्यात 'कोणत्या अधिकाऱ्याकडून' आणि 'कोणत्या तारखेपर्यंत' असे दोन रकाने असणे, टिप्पणीच्या अखेरीस जबाबदार पदनाम लिहिण्याचा प्रघात पडणे, दोन दप्तरांच्या नमुन्यांना एकमेकांपासून वेगळी नावे असणे, या गोष्टींस खर्च लागत नाही. मराठीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनीही इतिवृत्ते, ठराववह्या व टिप्पण्या यांकडे भाषिक साहित्य म्हणून पाहावयास हरकत नसावी. १९६२ पासूनचे हे लेखन तालुक्या-तालुक्याच्या दप्तरांत साठलेले असून मराठी गद्याच्या इतिहासात त्याची नोंद अद्याप व्हावयाची आहे.

ग्रामसभेत उठलेल्या त्या स्त्रीचे वाक्य प्रमाण मराठीच्या दृष्टीने अशुद्ध ठरेल. परंतु काय होत आहे, कोणी यावयाचे आणि केव्हा, ही तिन्ही अंगे त्यात होती. शुद्ध लिहिलेल्या अर्जात त्यांपैकी एकच, तेही अर्धेमुर्धे, उरले. कारभाराच्या भाषेची कसोटी लावावयाची झाल्यास ती याच वाक्यापाशी लावावी लागेल.